मेंटॉरशिप फीचर बांधताना आधी मेंटॉरचे तास मोजा, मॅचिंग नंतर

नोकरदारांच्या नेटवर्किंग ॲपवर मेंटॉरशिपचं फीचर बांधायचं ठरलं की बहुतेक टीम पहिल्याच बैठकीत मॅचिंगवर उडी मारतात. कोणाची जोडी कोणाशी लावायची, किती टक्के जुळणी दाखवायची, एआय वापरायचा का. मग बांधणीत तीन-चार महिने जातात, फीचर सुरू होतं, पहिल्या आठवड्यात विनंत्यांचा पाऊस पडतो आणि महिनाभराने मेंटॉर उत्तरंच देईनासे होतात. मॅचिंग चुकलेलं नसतं. बांधकामाचा क्रम चुकलेला असतो.

पुढचे टप्पे एक उदाहरण धरून लिहिले आहेत. समजा, आपल्या ॲपचे पंधरा-वीस हजार सभासद आहेत. बहुतेक पुण्या-मुंबईचे, काही नाशिक, संभाजीनगर, कोल्हापूरकडचे आणि थोडे अमेरिका-युरोपात नोकरी करणारे. तुमचे आकडे वेगळे असतील, क्रम हाच ठेवा.

## १. कुठलं नातं विकताय ते आधी ठरवा

‘मेंटॉरशिप’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात. एक, अर्ध्या-पाऊण तासाचा एकदाच सल्ला: ‘ही ऑफर घेऊ का?’ दोन, तीन महिने चालणारी जोडी. तीन, एक अनुभवी माणूस आणि पाच-सहा जणांचा गट. तिन्हींचे स्क्रीन, तिन्हींचे नियम, तिन्हींचा शेवट वेगळा असतो. पहिल्या आवृत्तीत एकच घ्या.

मी तीन महिन्यांची जोडी धरून लिहितो आहे, कारण सगळ्यात जास्त चुका तिच्यात होतात. पण तुमच्या सभासदांच्या प्रश्नांपैकी बरेचसे ‘एवढंच विचारायचं होतं’ या जातीचे असतील, तर गुपचूप पहिला प्रकार घ्या. तो बांधायला सोपा आहे आणि कोणाचं मन मोडत नाही.

इशारा: रेफरल आणि मेंटॉरशिप एकाच बटणामागे ठेवू नका. आपल्याकडे ‘मार्गदर्शन हवंय’ याचा अर्थ अर्ध्या वेळा ‘तुमच्या कंपनीत माझा रेझ्युमे पुढे ढकला’ असा असतो. त्यात चूक काही नाही, पण त्यासाठी वेगळा दरवाजा ठेवा. तो नसेल तर सगळी गर्दी मेंटॉरच्या दारात उभी राहते.

## २. मेंटॉरचे तास मोजा

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच वगळला जातो. एक कागद घ्या.

एका जोडीला महिन्याला किती वेळ लागतो? दर पंधरवड्याला पाऊण तासाची भेट धरली तर दीड तास. मधले मेसेज, रेझ्युमेवर नजर टाकणं, ‘थांबा, बघून सांगतो’ यात आणखी अर्धा तास. म्हणजे दोन तास.

आता समजा १५० जणांनी मेंटॉर म्हणून नाव नोंदवलं आणि प्रत्येकाने महिन्याला तीन तास देऊ असं म्हटलं. एकूण ४५० तास. भागिले दोन, म्हणजे २२५ जोड्या. हाच आकडा प्रेझेंटेशनमध्ये जातो आणि इथेच गाडी रुळावरून घसरते. अर्धी जोडी नसते. तीन तास देणारा माणूस एकच जोडी सांभाळतो, त्याचा उरलेला तास दुसऱ्या कोणाला जोडून देता येत नाही. खरा आकडा १५०.

तोही क्षेत्रवार फोडा. १५० पैकी ९० जण सॉफ्टवेअरचे असतील आणि विनंत्या मेकॅनिकल, फार्मा, अकाउंट्सकडून येत असतील, तर सॉफ्टवेअरमधल्या रिकाम्या जागांचा औषधनिर्मितीतल्या मुलीला काही उपयोग नाही. क्षेत्र, अनुभवाची वर्षं आणि भाषा या तीन रकान्यांचा तक्ता करा. प्रत्येक चौकटीत जागा किती, अंदाजे मागणी किती ते लिहा. जिथे मागणी जागांच्या तिप्पट आहे ते क्षेत्र पहिल्या फेरीत उघडूच नका, किंवा तिथे गटाचा प्रकार ठेवा.

तपासणी: प्रत्येक मेंटॉरच्या प्रोफाइलमध्ये ‘एका वेळी किती जण’ हा आकडा सक्तीचा आहे का? कोणी तो बदलला नाही तर १ धरला जातो का? कमाल ३ वर अडवली आहे का? उत्साहात १० लिहिणारे असतात आणि नंतर फोन न उचलणारेही तेच असतात.

## ३. पहिल्या वीस जोड्या हाताने लावा

कोड लिहिण्याआधी एक स्प्रेडशीट, एक गूगल फॉर्म आणि टीममधला एक माणूस. वीस जोड्या लावा, सहा आठवडे चालवा. माणसाला त्रास होईल, तो त्रास लिहून ठेवा. प्रत्येक त्रास म्हणजे फीचरमधला एक स्क्रीन.

काय कळेल याची चुणूक देतो. जोडी कोणी लावली यापेक्षा पहिली भेट किती दिवसांत झाली यावर बरंच ठरतं. पहिली भेट झाली की गाडी व्हॉट्सॲपवर जाते आणि तुमच्या ॲपला पुढचं काही दिसत नाही. दिवाळी, मार्चएंड आणि अप्रेझलच्या दिवसांत सगळं थंडावतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात काही जोड्यांना बोलायला विषय उरत नाही, पण ‘आता थांबू या’ असं म्हणायची दोघांनाही लाज वाटते.

व्हॉट्सॲपशी भांडू नका. ॲपमधला चॅट कितीही छान केलात तरी माणसं तिकडे जाणारच. तुमच्याकडे तीनच गोष्टी राहिल्या तरी पुरे: भेट ठरली का, झाली का, पुढची कधी. या तिन्ही एका टॅपमध्ये सांगता आल्या पाहिजेत.

## ४. विनंतीचा फॉर्म: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मेंटॉरच्या इनबॉक्समध्ये काय येतं ते आधी बघा:

> सर, मी इंजिनिअरिंग केलं आहे. मला करिअरबद्दल तुमचं मार्गदर्शन हवं आहे. प्लीज गाइड करा.

असे चाळीस मेसेज आले की कोणताही सज्जन माणूस ते नुसते बघून सोडून देतो. लिहिणारा आळशी नाही. समोर रिकामी चौकट आणि वर ‘तुमचा संदेश’ एवढंच असेल तर माणूस अर्ज लिहितो. आपण शाळेपासून ‘विनंती विशेष’ लिहीतच मोठे झालो.

म्हणून रिकामी चौकट काढून टाका. चार छोटे प्रश्न द्या:

1. आत्ता कशावर अडलं आहे? (दोन-तीन वाक्यं)
2. आतापर्यंत स्वतः काय करून पाहिलं?
3. याच व्यक्तीला का विचारताय? तिच्या प्रोफाइलमधली एक गोष्ट सांगा.
4. तीन महिन्यांनी काय बदललेलं असावं?

त्याच माणसाची विनंती मग अशी येते:

> चार वर्षं मॅन्युअल टेस्टिंग करतोय. ऑटोमेशनला जायचंय. कोर्स केला, दोन छोटे प्रोजेक्ट केले, पण कंपनीत तसं काम मिळत नाही. तुम्हीही टेस्टिंगमधून डेव्हलपमेंटला आलात असं प्रोफाइलवर दिसलं. तीन महिन्यांत आतल्या आत टीम बदलायची की बाहेर पडायचं हे ठरवायचंय.

याला उत्तर देता येतं. ‘नाही’ म्हणायचं असलं तरी कारण देऊन म्हणता येतं.

तिसऱ्या प्रश्नाला ‘कॉपी-पेस्ट’ चालू देऊ नका. एकच मजकूर तिसऱ्या माणसाला जायला लागला की ॲपने थांबवून विचारावं. एका सभासदाच्या एका वेळी दोनच विनंत्या उघड्या राहतील अशी मर्यादा घाला. मर्यादा आली की माणूस आपोआप विचार करून पाठवतो.

भाषेचं एक सांगतो. फॉर्ममधला नमुना मजकूर इंग्रजीत असला की सांगली-लातूरकडून आलेला मुलगा अवघडलेल्या इंग्रजीत लिहितो आणि त्याचा खरा प्रश्न त्यातून गळून पडतो. नमुना मराठीत ठेवा, किंवा वर भाषा निवडू द्या. मेंटॉरच्या प्रोफाइलमध्येही ‘कोणत्या भाषेत बोलू शकता’ हा रकाना हवा. इंग्रजीत तीस वर्षं काम केलेली माणसंसुद्धा अडचणीबद्दल मराठीत जास्त मोकळी बोलतात.

मेंटॉरचा फॉर्म उलट लहान ठेवा. पदव्या आणि कंपन्या प्रोफाइलमध्ये आहेतच. विचारायचं ते असं: कोणत्या तीन विषयांवर बोलू शकता, कशावर बोलणार नाही, एका वेळी किती जण, कोणत्या वारी. दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मेंटॉरला सुटकेचा श्वास तोच देतो. ‘पगाराच्या वाटाघाटी आणि व्हिसा यावर नको’ असं लिहिता आलं की निम्म्या नको त्या विनंत्या मुळातच येत नाहीत.

## ५. विनंतीच्या अवस्था कागदावर काढा

डेव्हलपरला स्क्रीन देण्याआधी हा तक्ता द्या. विनंती कोणकोणत्या अवस्थांतून जाते?

पाठवली → स्वीकारली / नाकारली / मुदत संपली / मागे घेतली. स्वीकारली की जोडी सुरू. मग चालू → थोडी थांबवलेली → पूर्ण / मध्येच बंद.

प्रत्येक बाणासाठी तीन प्रश्न: हा बदल कोण करू शकतो, कोणाला काय कळवायचं, आणि मेंटॉरची जागा रिकामी होते की अडकून राहते. तिसरा प्रश्न विसरला की ‘भुताटकी’ सुरू होते: जोडी कधीच संपलेली असते, पण मेंटॉर ‘भरलेला’ दिसत राहतो.

मुदत दहा दिवस ठेवा. मुदत संपली तर विनंती करणाऱ्याला ‘नाकारली’ असं कळवू नका. ‘सध्या त्यांना वेळ देता आला नाही’ एवढं पुरे, आणि त्याच निरोपात दुसरे दोन पर्याय द्या. मेंटॉरला मात्र आठवण फक्त एकदा जावी, सातव्या दिवशी. रोज टुणटुण वाजणारं नोटिफिकेशन माणूस बंद करतो आणि मग महत्त्वाचंही बंद होतं.

नाकारण्याची कारणं तयार ठेवा: वेळ नाही, विषय माझा नाही, प्रश्न अजून स्पष्ट नाही. शेवटचं कारण निवडलं तर विनंती दुरुस्त करून पुन्हा पाठवता यावी.

मराठी निरोपांची तपासणी: आपली क्रियापदं लिंगाप्रमाणे बदलतात. ‘प्रशांत तयार झाला’, ‘सुलभा तयार झाली’ हे सॉफ्टवेअरला कळत नाही आणि सभासदाचं लिंग विचारण्याची गरजही नाही. वाक्यंच अशी घडवा की प्रश्न येणार नाही. ‘सुलभा जाधव यांनी तुमची विनंती स्वीकारली’ इथे क्रियापद विनंतीच्या मागे जातं, माणसाच्या नाही. ‘यांनी, यांच्याशी, यांना’ वापरलं की नावाचं सामान्यरूपही करावं लागत नाही आणि मानही राखला जातो. इंग्रजी निरोप तयार करून मग भाषांतर करून घेतलं तर हे हमखास फसतं. मराठी वाक्यं वेगळी लिहून घ्या.

## ६. आता मॅचिंग

आत्ता कुठे मॅचिंगची पाळी आली आणि ते वाटतं त्यापेक्षा सोपं आहे.

आधी चाळणी, मग क्रम. चाळणीत बसत नाही ते दाखवायचंच नाही: जागा नाही, भाषा जुळत नाही, विषय जुळत नाही, आणि दोघे एकाच साहेबाच्या हाताखालचे किंवा एकमेकांचे साहेब आहेत. ही शेवटची चाळणी विसरू नका. आपल्या मॅनेजरच्या मॅनेजरला कोणी खरी अडचण सांगत नाही.

क्रम लावताना अनुभवातलं अंतर बघा. दोन वर्षं झालेल्याला पंचवीस वर्षांच्या व्हाइस प्रेसिडेंटपेक्षा सात-आठ वर्षांचा माणूस जास्त कामाचा असतो, त्याला तो खड्डा अजून आठवतो. पण सगळी गर्दी मोठ्या पदाकडेच धावते. म्हणून एका मेंटॉरकडे तीन विनंत्या उत्तराविना पडल्या असतील तर त्याचं नाव यादीतून तात्पुरतं खाली न्या. आणि ‘९२% जुळणी’ असला आकडा दाखवू नका. त्यामागे काही नसतं आणि ८८% वाल्याला उगाच कमीपणा येतो. ‘दोघांनीही टेस्टिंगमधून सुरुवात केली’ असं साधं कारण दाखवा.

वर्षातून दोन-तीन ठरावीक फेऱ्या असतील, तर सगळ्यांकडून पसंतीक्रम घेऊन एकदम जोड्या लावता येतात. त्यासाठी डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेली पद्धत आजही चालते, अमेरिकेत नव्या डॉक्टरांना रुग्णालयं याच घराण्याच्या पद्धतीने मिळतात. थोडक्यात: प्रत्येक शिकणारा आपल्या पहिल्या पसंतीकडे ‘अर्ज’ करतो. मेंटॉर जागा असतील तितके, आपल्याला बरे वाटणारे अर्ज तात्पुरते धरून ठेवतो, बाकी परत पाठवतो. परत आलेले पुढच्या पसंतीकडे जातात. हे थांबेपर्यंत चालवायचं आणि मगच सगळं पक्कं करायचं. यात अर्ज करणाऱ्याला खोटा पसंतीक्रम देऊन फायदा होत नाही, हे सभासदांना सांगा. नाहीतर ‘तिथे गर्दी असेल, दुसरं नाव वर घालू’ असली डोकेबाजी सुरू होते.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ज्या मेंटॉरची जागा रिकामी राहिली, ती ‘अल्गोरिदम उलटा चालवून’ भरत नाही. पसंतीक्रम तेच असतील आणि कोणी कोणाला समसमान ठेवलं नसेल, तर अर्ज कोणत्याही बाजूने चालू केले तरी प्रत्येक स्थिर वाटणीत (म्हणजे जिथे आपली जोडी सोडून एकमेकांकडे जावंसं वाटणारे दोघे उरत नाहीत) तेच लोक रिकामे राहतात. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. म्हणून रिकाम्या राहिलेल्या मेंटॉरचं प्रोफाइल दुरुस्त करा, त्यांचे तीन विषय जास्त ठोस लिहून घ्या.

## ७. पहिली भेट आणि घड्याळ

विनंती स्वीकारली की त्याच स्क्रीनवर भेटीच्या तीन वेळा पुढे आल्या पाहिजेत. ‘चॅटमध्ये ठरवा’ असं सोडलंत की आठवडा गेला.

परदेशातल्या मेंटॉरांसाठी वेळ साठवताना चूक होतेच. पुण्यातल्या मुलीची दर दुसऱ्या शनिवारी रात्री ८ वाजता न्यू जर्सीतल्या मेंटॉरशी भेट ठरली. उन्हाळ्यात तिकडे सकाळचे १०:३० असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि पुण्यातले ८ म्हणजे तिकडचे ९:३० होतात. आता मेंटॉरचे १०:३० कायम ठेवायचे की पुण्यातले ८? प्रोग्रामने हे आपल्या मनाने ठरवू नये. भेट ठरवतानाच ‘वेळ कोणाच्या घड्याळाप्रमाणे’ हे साठवा, म्हणजे स्थानिक वेळ आणि सोबत ‘एशिया/कोलकाता’ किंवा ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ असं विभागाचं नाव. पुढच्या भेटी फक्त यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवल्या की हा घोटाळा ठरलेला. ब्रिटन आणि युरोपची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणजे अमेरिकेच्या आधी. दोन्हीकडचे मेंटॉर असतील तर चाचणीत दोन्ही तारखा घ्या.

तपासणी: भेट पुढे ढकलली की कॅलेंडरमध्ये जुनी तशीच राहून दुसरी उगवते का? निमंत्रणाचा यूआयडी (ओळख क्रमांक) तोच ठेवून सिक्वेन्सचा (कितवी दुरुस्ती ते सांगणारा) आकडा वाढवला नाही की असं होतं.

पहिल्या भेटीआधी दोघांना एकच कागद द्या: आज काय बोलायचं, पुढच्या भेटीपर्यंत कोण काय करणार, कोणत्या मार्गाने संपर्क करायचा. तीन ओळी. पंधरा पानांची ‘मेंटॉरशिप हँडबुक’ कोणी उघडत नाही.

## ८. नोंदी, फोन नंबर आणि तक्रार

एका कामात माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. भेटीनंतर नोंदी लिहायला आम्ही एकच चौकट दिली होती आणि ती दोघांना दिसायची. चौकटीखाली बारीक अक्षरात तसं लिहिलंही होतं. एका मेंटॉरने ‘मुलगा हुशार आहे पण टिकेल असं वाटत नाही’ असं स्वतःसाठी म्हणून लिहिलं. त्या मुलाने ते वाचलं. दोघांचीही माफी मागितली, पण ती जोडी गेली ती गेलीच. तेव्हापासून खाजगी नोंद आणि सामायिक नोंद वेगळ्या स्क्रीनवर, वेगळ्या रंगात, आणि मूळ निवड नेहमी खाजगी.

फोन नंबर दोघांनी होकार दिल्याशिवाय दिसू नये. स्त्री मेंटॉरांना नको त्या वेळी येणारे मेसेज हे मेंटॉर सोडून जाण्याचं एक गप्प कारण आहे, ते फीडबॅकच्या फॉर्मवर क्वचितच उमटतं. तक्रारीचं बटण प्रत्येक जोडीच्या पानावर हवं, आणि तक्रार माणसाकडे गेली पाहिजे. ब्लॉक केलं की समोरच्याला फक्त ‘ही जोडी बंद झाली आहे’ असं दिसावं, कोणी केली ते नाही.

संमतीचा मजकूरही आताच लिहून घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीसोबतची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला सांगितलं आहे. मराठी त्या यादीत आहे. आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, म्हणून डिप्लोमाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दार उघडण्याआधी वकिलाशी बोला.

## ९. शेवट बांधा

सुरू करायचं बटण सगळे बांधतात. संपवायचं कोणी बांधत नाही.

जोडी सुरू होतानाच शेवटची तारीख दिसली पाहिजे. दहाव्या आठवड्यात दोघांना वेगवेगळं विचारा: थांबायचं, की आणखी सहा आठवडे? दोघांनी ‘आणखी’ म्हटलं तरच वाढवा. एकाने ‘थांबू’ म्हटलं तर दुसऱ्याला फक्त ‘ठरलेली मुदत पूर्ण झाली’ असं दिसावं. तोंडावर नाही म्हणणं आपल्याला जड जातं, ते ओझं ॲपने उचलावं.

मध्येच सोडायची वाटही ठेवा. सलग दोन भेटी झाल्या नाहीत तर ॲपने विचारावं, ‘थोडं थांबवायचं का?’ आणि महिनाभर हालचाल नसेल तर जोडी आपोआप बंद करून जागा मोकळी करावी.

## १०. काय मोजायचं आणि कधी पुढे जायचं

नोंदणीचा आकडा मोजू नका. जोड्या किती लागल्या हेसुद्धा फारसं काही सांगत नाही. दुसरी भेट किती जोड्यांची झाली हे मोजा. पहिली भेट उत्साहात होते, दुसरी गरज असेल तरच. सोबत आणखी दोन आकडे: विनंतीला उत्तर मिळायला मध्यमान किती दिवस लागले, आणि एकूण विनंत्यांपैकी किती विनंत्या सर्वाधिक मागणीच्या दहा मेंटॉरांकडे गेल्या. हा शेवटचा आकडा फेरीगणिक वाढत असेल तर सहाव्या टप्प्यावर परत जा.

आधी एकच क्षेत्र उघडा, मग दुसरं. सगळ्या सभासदांच्या होमपेजवर बॅनर लावायची घाई मार्केटिंगवाल्यांना असते. त्यांना दुसऱ्या टप्प्यातला तक्ता दाखवा.

पहिली फेरी संपली की मेंटॉरांना सर्व्हे पाठवू नका, फोन करा. चाळीस-पन्नास जण असतील, दोन दिवसांचं काम आहे. एवढंच विचारा: पुढची फेरी घ्याल का, आणि किती जण? ‘बघू’ असं उत्तर आलं तर त्या आठवड्यात त्यांची जागा शून्य करा.